एक निरोप आणि अनेक दारे

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राज्यारोहणे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु राज्य चालते ते निरोपावर, बाजार चालतो तो निरोपावर, आणि खेड्यातले रोजचे जिणेही निरोपावरच चालते. तेव्हा निरोप कसा पोचतो, आधी कोणाला पोचतो आणि मागाहून कोणाला, या प्रश्नालाही इतिहास आहे. त्या इतिहासातले एक अलीकडचे, थोडे तांत्रिक परंतु फार उद्बोधक प्रकरण आज आम्ही श्रोत्यांपुढे मांडणार आहोत. संगणकांच्या जाळ्यात एकच निरोप एकाच वेळी पुष्कळांना पोचवण्याची जी युक्ती आहे, तिला मल्टिकास्ट म्हणतात. तिचेच हे प्रकरण. नाव परके आहे. परंतु त्यामागचा प्रश्न झरी जामणीच्या माणसाला मुळीच परका नाही.

या तालुक्याची वस्ती कशी आहे ते पाहा. दक्षिणेला पैनगंगा, तिच्या पलीकडे तेलंगणातला आदिलाबादचा मुलूख. अलीकडे मोठी म्हणावीत अशी गावे थोडी, आणि कोलामांचे पोड व गोंडांची वस्ती रानावनात विखुरलेली. अशा मुलखात एक निरोप पुष्कळांना कळवायचा झाला तर वाटा तीनच. पहिली वाट अशी की, प्रत्येक घरासाठी एकेक स्वतंत्र माणूस धाडावा. निरोप नेमका पोचेल, परंतु शंभर घरांना शंभर माणसे लागतील, आणि ती सारी एकाच पायवाटेवर गर्दी करतील. दुसरी वाट दवंडीची. कोतवालाने डफडे वाजवून चौकाचौकात ओरडावे. एका माणसात काम भागते, पण ज्याचा संबंध नाही त्याचीही झोपमोड होते. तिसरी वाट अशी की, ज्यांना निरोप हवा त्यांनी तसे आधी कळवून ठेवावे. निरोप्या एकच निघावा. जिथे वाटेला फाटा फुटेल तिथे त्याचे दोन व्हावेत, पुढच्या फाट्यावर आणखी दोन. आणि ज्या पोडात कोणालाच निरोप नको, त्या पोडाच्या वाटेला कोणी पाऊलच टाकू नये. माणसाला असे दुभंगता येत नाही. विजेच्या संदेशाला येते. मल्टिकास्ट म्हणजे ही तिसरी वाट होय.

या तीन वाटांपैकी पहिल्या दोन आपल्या भागाने इतिहासात पाहिल्या आहेत. आजचा यवतमाळ जिल्हा १९०५ पूर्वी वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई, आणि तो वऱ्हाडच्या कापूसपट्ट्याचा एक भाग होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस अडला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८७० साली खामगावला रेल्वेचा फाटा आला आणि त्याच वर्षी मुंबई समुद्राखालच्या तारेने लंडनशी जोडली गेली. लिव्हरपूलचा भाव, जो पूर्वी आगबोटीतून आठवडे घेत येई, तो आता तासांत येऊ लागला. परंतु तार ही एकाची एकाला असते. ज्याच्या नावाने ती आली त्याच्या हाती ती पडते. पेढीवाल्याला भाव सकाळी कळे, आणि बैलगाडीत कापूस भरून आलेल्या कुणब्याला तो पेढीवाल्याच्या तोंडून, पेढीवाल्याच्या सोयीने कळे. बातमीचा वेग वाढला तरी बातमीचा न्याय त्या प्रमाणात वाढत नाही, हा धडा येथे प्रथम दिसतो.

दुसरी वाट रेडिओने आणली. १६ जुलै १९४८ रोजी नागपूरला आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले. ज्याच्या घरी रेडिओ आहे त्याला बाजारभाव आणि हवामान सावकाराइतक्याच लवकर ऐकू येऊ लागले. प्रक्षेपकाला श्रोते दहा आहेत की दहा लाख, हे ठाऊक नसते आणि त्याने त्याचे कामही वाढत नाही. परंतु रेडिओ ही मोठ्या आवाजाची दवंडीच आहे. एका लहरीवर एका वेळी एकच बोलणार, आणि ऐकणारा असो वा नसो, लहर सर्व आकाशभर पसरणार.

आता संगणकांच्या जाळ्याकडे वळू. १९६९ साली अमेरिकेत अर्पानेट नावाचे जाळे सुरू झाले. त्याची रीत टपालासारखी होती. मजकुराचे लहान लहान तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा एका पाकिटात घालायचा, वर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता लिहायचा, आणि ते पाकीट एका नाक्यावरून दुसऱ्या नाक्यावर सरकवत न्यायचे. या नाक्यांवर जी यंत्रे असतात त्यांपैकी गावागावांमधली वाट ठरवणाऱ्याला राउटर म्हणतात, आणि एकाच इमारतीतल्या संगणकांना जोडणाऱ्या पेटीला स्विच म्हणतात. ही सारी रचना एकाची एकाला अशीच होती, म्हणजे तारेच्याच कुळातली.

मग एकाचा निरोप अनेकांना कसा द्यावा? या प्रश्नाच्या उत्तरात एक दुवा महाराष्ट्रातून जातो, याचा आम्हांला विशेष आनंद वाटतो. १९५८ साली पवई येथे मुंबईची आयआयटी सुरू झाली. तेथून १९७२ साली पदवी घेऊन योगेन दलाल अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले. डिसेंबर १९७४ मध्ये इंटरनेटच्या मूळ नियमांचा जो पहिला तपशीलवार मसुदा निघाला, त्यावर व्हिंट सर्फ आणि कार्ल सनशाइन यांच्याबरोबर दलाल यांचेही नाव आहे. पुढे १९७७ साली त्यांनी डॉक्टरेटसाठी जो प्रबंध लिहिला त्याचा विषयच पाकिटांच्या जाळ्यातील सर्वप्रसारण हा होता. १९७८ साली त्यांनी आणि ईथरनेटचे जनक रॉबर्ट मेटकाफ यांनी मिळून एक लेख प्रसिद्ध केला, आणि त्यातली युक्ती आजही मल्टिकास्टचा पाया आहे.

ती युक्ती समजण्याजोगी आहे. जाळ्यात वाटा अनेक आणि एकमेकींना मिळणाऱ्या असतात. प्रत्येक नाक्याने आलेले पाकीट इतर सर्व वाटांना नक्कल करून पाठवले, तर त्याच त्या नकला फिरून परत येतील, पुन्हा वाढतील आणि क्षणात जाळे गुदमरेल. दलाल आणि मेटकाफ यांनी प्रत्येक नाक्याला एकच साधा प्रश्न विचारायला लावला. समजा, मुकुटबनहून निघालेला निरोप झरीच्या नाक्यावर आला. नाक्याने पाहावे की, मला स्वतःला मुकुटबनला जायचे असते तर मी कोणत्या वाटेने गेलो असतो? निरोप त्याच वाटेने आला असेल तर तो ग्राह्य धरून इतर वाटांना पुढे द्यावा. दुसऱ्या कोणत्याही वाटेने आला असेल तर तो फिरून आलेला समजून टाकून द्यावा. एवढ्याने फेऱ्यात अडकलेल्या नकला आपोआप गळतात, आणि निरोपाच्या वाटांचे झाड तयार होते. उगमापाशी बुंधा, आणि टोकांना फांद्या. त्यासाठी सर्व जाळ्याचा नकाशा हाती घेऊन बसणारा कोणी अधिकारी लागत नाही. ज्याने त्याने आपल्या दारचा प्रश्न नीट सोडवला की सर्वांचा सुटतो.

परंतु हे झाले सर्वांना पाठवण्याचे. हव्या त्यालाच पाठवावे, ही पुढची पायरी स्टॅनफर्डच्याच स्टीव्ह डीअरिंग यांनी बांधली. १९८५ पासून त्यांनी आणि डेव्हिड चेरिटन यांनी ही कल्पना मांडली, १९८९ साली तिचे नियम ठरले, आणि १९९१ साली डीअरिंग यांचा प्रबंध पूर्ण झाला. कल्पनेचे मर्म असे की, काही पत्ते कोणा एका संगणकाचे नसावेतच. ते गटाचे असावेत. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांत २२४ ते २३९ या आकड्यांनी सुरू होणारे सर्व पत्ते या कामासाठी राखले आहेत. पाठवणारा गटाच्या पत्त्यावर पाठवतो. गटात कोण कोण आहे हे त्याला ठाऊक नसते, आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. ऐकणारा आपल्या जवळच्या राउटरला कळवतो की मला या गटाचे हवे आहे. मागणी टोकाकडून बुंध्याकडे जाते आणि निरोप बुंध्याकडून टोकाकडे येतो. हा तारेचा नेमकेपणा आणि रेडिओचा सारखेपणा यांचा संयोग आहे.

या काळातली एक गोष्ट जाणकारांत सांगितली जाते. गटाचा पत्ता इमारतीतल्या ईथरनेटच्या पत्त्यात बसवण्यासाठी डीअरिंग यांना अंकांचे सोळा गठ्ठे हवे होते. एका गठ्ठ्याची किंमत हजार डॉलर. पैशांची सोय एकाच गठ्ठ्याची झाली, आणि त्यातलाही अर्धा त्यांच्या वाट्याला आला. म्हणून २८ बिटांची ओळख २३ बिटांत कोंबावी लागली, आणि आजही ईथरनेटच्या एका पत्त्यावर बत्तीस निरनिराळे गट नांदतात. जगभराच्या स्विचांनी तीस वर्षांहून अधिक काळ ही काटकसर निमूटपणे सोसली आहे. इतिहासात मोठ्या रचनांवर लहान अडचणींचे ठसे असे उमटून राहतात.

आता स्विचच्या पेटीत डोकावू, कारण आमच्या विषयाचा गाभा तिथे आहे. स्विच हा नव्याने बदलून आलेल्या पोस्टमनासारखा असतो. कोणते घर कुठे आहे हे त्याला कोणी सांगत नाही. तो येणाऱ्या प्रत्येक पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता वाचतो, ते कोणत्या तोंडातून आले हे लक्षात ठेवतो, आणि पुढे त्या नावाचे पाकीट आले की त्याच तोंडातून बाहेर देतो. ज्याचे घर ठाऊक नाही त्याचे पाकीट तो सर्व तोंडांतून बाहेर टाकतो. ही रीत चोख आहे. पण गटाच्या बाबतीत ती फसते. कारण गट कधी पत्र लिहीत नाही. गटाचा पत्ता पाठवणाऱ्याच्या जागी कधीच येत नाही, म्हणून स्विच तो कधी शिकत नाही, आणि गटाचे प्रत्येक पाकीट सर्वांच्या दारात टाकत राहतो. अशा रीतीने हव्या त्यालाच मिळावे म्हणून निघालेला निरोप शेवटच्या पावलावर पुन्हा दवंडीच होऊन बसतो.

यावर उपाय निघाला तो कान टवकारून ऐकण्याचा. संगणक आणि राउटर यांच्यात 'मला हा गट हवा', 'मला आता नको' अशी जी बोलणी होतात, ती वास्तविक स्विचसाठी नसतात. परंतु ती त्याच्या अंगणातूनच जातात. स्विच ती ऐकतो आणि आपल्या वहीत टिपून ठेवतो की अमुक गटाची मागणी अमुक तीन तोंडांवर आहे. मग गटाचे पाकीट आले की त्याच तीन तोंडांतून त्याच्या नकला बाहेर पडतात. राउटर दर १२५ सेकंदांनी हाक देतो की, अजून कोणाला हवे आहे काय? उत्तर आले तर नोंद राहते. २६० सेकंदांत काहीच उत्तर आले नाही तर ती पुसली जाते. या हाकेला फार महत्त्व आहे. एखाद्या कचेरीत हाक देणारे यंत्रच नसेल, तर चित्र सुरू होते, चार मिनिटे उत्तम चालते आणि मग कोणी काही न बिघडवता बंद पडते. नवशिके कारागीर अशा वेळी तारा उपटून पाहतात. वास्तविक दोष तारेत नसतो. कोणी विचारपूस करीनासे झाले, म्हणून वही कोरी झाली, एवढेच घडलेले असते.

दूरच्या जाळ्यात झाड कसे बांधावे, याविषयी दोन पंथ झाले. पहिल्या पंथाची रीत अशी की, आधी निरोप सर्वत्र पसरावा आणि ज्यांना नको त्यांनी फांदी छाटण्यास कळवावे. ऐकणारे दाट असतील तिथे हे ठीक. पण आपल्या पोडांसारखी विरळ वस्ती असेल, तर दोघांच्या सोयीसाठी हजारांना त्रास होतो. म्हणून १९९४ च्या सुमारास डीअरिंग, डेबोरा एस्ट्रिन, व्हॅन जेकब्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरी रीत पुढे आणली. तिच्यात एक भेटीचे ठिकाण ठरवलेले असते, आठवडी बाजारासारखे. माल आणणारा तिथे येतो, घेणाराही तिथे येतो. ओळख झाल्यावर पुढे त्यांना हवे तर थेट जवळच्या वाटेने व्यवहार करता येतो. स्विच आणि राउटर यांच्यात आज बहुतेक ठिकाणी याच रीतीची पिढी चालू आहे.

मार्च १९९२ मध्ये इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या मंडळींची सभा अमेरिकेत सॅन डिएगो येथे भरली, तेव्हा तिचे बोलणे या पद्धतीने जगातल्या वीस ठिकाणी ऐकवले गेले. त्या वेळी पुष्कळांना वाटले की आता सारे जग असेच जोडले जाईल. तसे झाले नाही. एकेका गटाची नोंद वाटेतल्या प्रत्येक राउटरने ठेवायची, तर त्या श्रमाचा मोबदला कोणी कोणाला द्यायचा? कोणीही गटात काहीही ओतू लागला, तर त्याला आवरायचे कोणी? दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या सीमेवर हे प्रश्न सुटले नाहीत. म्हणून आज क्रिकेटचा सामना कोट्यवधी लोक मोबाइलवर पाहतात, तेव्हा प्रत्येकासाठी स्वतंत्र ओघ वाहत असतो, आणि तो जवळून मिळावा म्हणून ठिकठिकाणी साठे करून ठेवावे लागतात. मल्टिकास्ट मात्र एका मालकीच्या जाळ्यात टिकले आणि भरभराटले. त्यातले एक जाळे मुंबईत आहे, आणि त्याची हकिकत ऐकण्यासारखी आहे.

मुंबईचा राष्ट्रीय शेअर बाजार, म्हणजे एनएसई, १९९२ साली स्थापन झाला आणि नोव्हेंबर १९९४ मध्ये तेथे समभागांचा व्यवहार पडद्यावर सुरू झाला. दलालांनी एका दालनात ओरडण्याची पद्धत तिथे नव्हतीच. उपग्रहाच्या साहाय्याने दूरच्या शहरांतले दलालही त्याच भावाला व्यवहार करू लागले. २०१० च्या सुमारास बाजाराने आपल्या इमारतीतच दलालांचे संगणक ठेवण्याची सोय केली. तेथे प्रत्येक सौद्याची आणि मागणीची बातमी क्षणोक्षणी दिली जाई. परंतु ती देण्याची रीत तारेच्या कुळातली होती, म्हणजे प्रत्येक दलालाशी स्वतंत्र जोडणी, आणि बातमी एकापाठोपाठ एकेकाला. जो सकाळी आधी जोडला गेला त्याला ती आधी. जो मागे राहिला त्याला ती मागाहून. फरक सेकंदाच्या अगदी लहान अंशाचा. पण जिथे यंत्रे यंत्रांशी सौदे करतात, तिथे तेवढाच अंश म्हणजे भांडवल.

२०१५ साली याविषयी सेबीकडे तक्रार गेली आणि ती वर्तमानपत्रांतून गाजली. ३० एप्रिल २०१९ रोजी सेबीने निकाल दिला की या रचनेत सर्वांना समान संधी नव्हती, आणि बाजाराने सुमारे ६२५ कोटी रुपये व्याजासह भरावेत. २३ जानेवारी २०२३ रोजी अपील न्यायाधिकरणाने रक्कम वसुलीचा हा आदेश रद्द केला. मात्र पुरेशी दक्षता घेतली गेली नाही, असे म्हणून १०० कोटी रुपये गुंतवणूकदारांच्या संरक्षण निधीत जमा करण्यास सांगितले. संगनमताचा आरोप पुराव्याअभावी सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीनेच निकालात काढला. माणसांच्या दोषाचा निवाडा न्यायासनापुढचा आहे, त्यात आम्ही शिरत नाही. आम्हांला लक्षात आणून द्यायचे आहे ते रचनेचे. २०१४ च्या सुमारास बाजाराने ही बातमी मल्टिकास्टने देण्यास आरंभ केला. आता बाजाराचा संगणक एकदाच बोलतो, आणि नकला स्विच करतो. आधी जोडला गेला की मागाहून, हा भेद त्यात उरत नाही. सचोटीचा उपदेश करून जे साधणे कठीण, ते रांगच काढून टाकल्याने पुष्कळसे साधले.

याची एक किंमतही आहे. स्वतंत्र जोडणीत पाकीट हरवले तर ते पुन्हा मागता येते. गटाला बोलणारा मात्र कोणासाठी थांबत नाही. एखाद्याचे पाकीट गळले तर ते गळले. म्हणून शेअर बाजारांत तोच ओघ दोन वेगळ्या वाटांनी पाठवण्याची, आणि राहिलेले भरून काढण्यासाठी वेगळी खिडकी ठेवण्याची पद्धत आहे. सर्वांना सारखे द्यायचे, आणि तरी मागे राहिलेल्याची वेगळी काळजी घ्यायची, या दोन्ही गोष्टी एकाच व्यवस्थेत असाव्या लागतात. हे यंत्रांनाही चुकले नाही.

या सगळ्याचा झरी जामणीशी संबंध काय, असे कोणी विचारील. ग्रामपंचायतींपर्यंत काचेची तार नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. तीत जी पद्धत प्रामुख्याने वापरली आहे, तिच्यात एका तंतूतून आलेला प्रकाश वाटेत एका काचेच्या फाट्यावर विभागला जातो आणि तोच प्रकाश सर्व शाखांना मिळतो. तिथे विजेचीही गरज लागत नाही. म्हणजे तिसऱ्या वाटेची निसर्गदत्त सोय त्या काचेतच आहे. वीस शाळांना एकच पाठ, किंवा सर्व गावांना एकच वादळाची सूचना द्यायची असेल, तर वीस ओघांची गरज नाही, एक पुरतो. बारीक तारेवर ज्याचे भागते, त्याला काटकसर हा चैनीचा विषय नसतो. मोठ्या शहरात स्वतंत्र ओघांची उधळपट्टी खपून जाते. इथे ती केली, तर शेवटच्या पोडाला काहीच मिळत नाही.

आपल्याकडे पाण्याच्या पाटाचा अनुभव सर्वांना आहे. वरच्याने पाणी घेतले की खालच्याला कमी पडते, आणि त्यावरून भांडणे होतात. ज्ञान आणि बातमी यांचा स्वभाव असा नाही. फाट्यावर नक्कल झाली म्हणून मूळ ओघ रोडावत नाही. तरीही आजवरच्या इतिहासात बातमीच्या पाटावर वरच्याने बांध घातला, आणि खालचा कोरडा राहिला, तो बातमी कमी होती म्हणून नव्हे. ती एकेकाला, ओळखीने आणि रांगेने दिली जात होती म्हणून. दलाल, मेटकाफ आणि डीअरिंग यांनी सोडवलेला प्रश्न गणिताचा होता, यात शंका नाही. परंतु गणिताने उपाय दाखवला की तो वापरावा की नाही, हे ठरवणारे गणिती नसतात. ते काम ग्रामसभेचे, तालुक्याचे आणि राज्याचे आहे. आपल्या गावात तार आली काय, एवढाच प्रश्न यापुढे पुरेसा नाही. तिच्यातून येणारा निरोप शेवटच्या दाराला पहिल्या दाराबरोबरच मिळतो काय, हेही श्रोत्यांनी विचारत राहावे. स्विचच्या वहीप्रमाणेच सार्वजनिक व्यवस्थेचीही गोष्ट आहे. ठराविक काळाने कोणीतरी हाक देऊन विचारले नाही, तर नोंदी पुसल्या जातात.